आपल्याच गावच्या पाहुण्या

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती. मी पडवीत कपडे वाळत घालत होते. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, नुसते या दोरीवरून त्या दोरीवर जातात. तेवढ्यात दारात पुण्याच्या नंबरची एक गाडी येऊन थांबली. आत चार मुली. फोनची रेंज गेली होती म्हणून वाट विचारायला एक जण खाली उतरली.

"काकू, बेनझीर व्हिला कुठून दिसतो हो?"

आता बघा, मला या गावात लग्न होऊन येऊन तेवीस वर्षं झाली. राधानगरी आमच्यापासून दहा-बारा किलोमीटर. दवाखाना तिथे, तहसील तिथे, मुलांचे दाखले तिथे. पण मी त्या मुलीला काय विचारलं असेल? म्हटलं, "हॉटेल आहे का ते?"

ती हसली नाही, हा तिचा मोठेपणा. उलट तिनेच मला फोनमधला फोटो दाखवला. चहूकडे पाणी, मध्ये हिरवी टेकडी आणि तिच्यावर जुनं बांधकाम. "शाहू महाराजांचा बंगला आहे काकू, तुमच्या धरणात." तुमच्या धरणात! मी त्यांना चहा दिला, दाजीपूरचा रस्ता दाखवला. गाडी गेली, आणि मी हातात ओला टॉवेल घेऊन तशीच उभी राहिले.

मैत्रिणींनो, तुमचंही असंच असतं का? वाईच्या मैत्रिणीने मेणवली बघितलेली नसते, पन्हाळ्याच्या पायथ्याशी नांदणारी वर गेलेली असते ती लग्नात देवदर्शनाला, तेवढीच. पाहुणे आले की आपण चहा-पोहे करायला घरात आणि पाहुणे बाहेर फिरायला. आमच्याकडेच बघा ना. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी राऊतवाडीच्या धबधब्याला गाड्यांची ही रांग लागते. नणंदेची मुलं मुंबईहून खास त्यासाठी येतात. मी त्यांना डबा करून देते. तेवीस वर्षांत मी डबा दिला, धबधबा नाही बघितला.

तर झालं असं, की दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या बचत गटाच्या सहलीचा विषय निघाला. आम्ही चौदा जणी. दरवर्षी व्याजाच्या पैशातून एक दिवस कुठेतरी जातो. कुठेतरी म्हणजे कुठे, तर आदमापूर, नृसिंहवाडी, जोतिबा. देवाला जायचं म्हटलं की घरातून कोणी नाही म्हणत नाही, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. मी म्हटलं, "यंदा राधानगरीला जाऊ या."

सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "अगं, परवाच दात काढायला गेले होते तिथं." दुसरी म्हणाली, "तहसीलदारांना भेटायचंय काय?"

पण आमच्यात एक बाई आहेत, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. अजून सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं. त्या म्हणाल्या, "हसताय काय? तुमच्या तालुक्याच्या गावाला कुणाचं नाव आहे, सांगा बरं." कुणालाच सांगता येईना. एकीने राधाकृष्णाची राधा म्हणून पाहिलं. बाईंनी कपाळाला हात लावला आणि सहल तिथेच ठरली.

घरी सांगितलं तर यजमान म्हणाले, "तिथं काय बघायचंय?" आणि आत्ती म्हणाल्या, "मी येत न्हाई."

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. पंचाहत्तरीला आल्यात. गुडघे दुखतात, पण बसून राहणं ठाऊक नाही. गटाच्या सगळ्या सहलींना त्या पहिल्या तयार होऊन बसतात, म्हणून मला नवल वाटलं. विचारलं, तर म्हणाल्या, "जंगलात न्या, देवाला न्या, कुठं बी न्या. धरणाकडं मी येत न्हाई." पुढे काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, गुडघ्यांमुळे असेल.

शेवटी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी निघालो, तेव्हा त्याही बसल्या. सगळ्या बायका चालल्यात आणि आपण एकट्या घरात, हे त्यांना सोसवलं नसावं.

सहलीला जायचं म्हणजे आपलं काय असतं, ते पुरुषांना कधी कळायचं नाही. आदल्या रात्री दोन वेळचं करून ठेवायचं. पहाटे चारला उठून भाकरी. एक गठ्ठा घरच्यांसाठी, एक आपल्यासाठी. म्हशीचं बघायचं, मुलांचे कपडे काढून ठेवायचे, दूधवाल्याचे पैसे फळीवर. साडेसातला ओळखीतल्या एकाची वडापची ट्रॅक्स दारात आली, तोवर आम्ही अर्धा दिवस राबून झालेल्या होतो. पण गाडी वेशीबाहेर पडली, की अंगातला शीण कुठे जातो कुणास ठाऊक. भात कापून झालेले, शिवारं मोकळी, ऊसतोड सुरू झालेली. रस्त्याच्या एका बाजूला भोगावती, तिच्यावर धुकं. हाच रस्ता मी दाखल्याच्या कागदांची पिशवी घेऊन किती वेळा गेले असेन! त्या दिवशी पहिल्यांदा खिडकीबाहेर बघितलं.

राधानगरीत शिरता शिरता बाईंनी सांगायला सुरुवात केली. राधाबाई या शाहू महाराजांच्या कन्या. जन्म १८९४ चा. त्यांना अक्कासाहेब महाराज म्हणत. महाराजांनी इथे नवी पेठ वसवली, तिला लेकीचं नाव दिलं, राधानगरी. आणि धरण बांधायला घेतलं, त्याच्या तलावाला पत्नीचं नाव दिलं, महाराणी लक्ष्मीबाई तलाव. आपण लक्ष्मी तलाव म्हणतो तोच.

"म्हणजे गाव लेकीचं आन् पाणी बायकोचं," मागून कोणीतरी म्हणालं.

आमच्या घरांत बायकांच्या नावावर काय आहे, असा हिशेब मग गाडीत सुरू झाला. सातबारावर दोघींची नावं निघाली, तीही नवरा गेल्यावर लागलेली. एकीच्या ट्रॅक्टरवर 'आईचा आशीर्वाद' लिहिलंय, पण ट्रॅक्टर दिराच्या नावावर. बचत गटाचं पासबुक तेवढं खरं आमचं.

राधाबाईंचं पुढे काय झालं, ते बाईंनी जरा हळू आवाजात सांगितलं. १९०८ साली त्यांचं लग्न झालं, देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांच्याशी. म्हणजे वय चौदा. संसार सुखाचा झाला नाही. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन त्या कोल्हापूरला, माहेरी आल्या. त्या देवासच्या दरबारात ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ साली महाराजांचा चिटणीस होता. त्याने त्या दिवसांवर 'द हिल ऑफ देवी' नावाचं पुस्तक लिहिलं, ते १९५३ साली आलं. आणि राधाबाईंचे चिरंजीव विक्रमसिंह १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, शहाजी छत्रपती म्हणून. राजाची लेक, गावाला तिचं नाव, आणि तरी माहेरी परत यायची वेळ चुकली नाही. गाडीत जरा वेळ कोणी बोललं नाही. आमच्या चौदा जणींत दोघी अशा माहेरी आलेल्या आहेत. त्यांतली एक म्हणाली, "तिच्या बापानं दार तरी उघडलं बाई."

हत्तीमहालाजवळ आम्ही फार वेळ थांबलो नाही. महाराजांना हत्तींचा आणि साठमारीचा मोठा शौक. कोल्हापुरातही साठमारीची जागा आहेच. तसं हे हत्तींसाठीचं ठिकाण. बायकांना हत्ती असता तर रस होता, नुसत्या नावात नव्हता. फोटो काढले आणि निघालो.

मग धरण आलं.

आम्ही भिंतीवर जाणार नव्हतोच, तिथे बंदोबस्त असतो आणि विचारल्याशिवाय जाऊही नये. खालच्या अंगाला, जिथून भिंत आणि दरवाजे दिसतात, तिथे गाडी थांबवली. मी याआधी हे धरण बघितलं होतं ते एसटीच्या खिडकीतून, मांडीवर पोर आणि पायात पिशवी घेऊन. समोर उभं राहून पहिल्यांदा बघत होते. दगडी भिंत, एक किलोमीटरहून लांब, साधारण बेचाळीस मीटर उंच. पायथ्याला वीजघर. पाणी साठतं ८.३६ टीएमसी.

आपल्या भागात हे धरण नकाशावरून नाही, पावसाळ्यातल्या बातमीवरून ओळखतात. 'राधानगरीचा सहा नंबरचा दरवाजा उघडला' ही बातमी आली, की कोल्हापूरपर्यंतच्या बायका ट्रंका माळ्यावर चढवायला लागतात. असे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं, की त्याच्या दाबाने दार आपोआप उघडतं, उतरलं की आपोआप मिटतं. बटण दाबायला कोणी लागत नाही. एका दारातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी भोगावतीत पडतं. पुढे प्रयाग चिखलीजवळ कासारी, कुंभी, तुळशी यांच्यासोबत भोगावती मिळते आणि पंचगंगा होते. मग कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर माणसं फूट मोजत बसतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ते आकडे आमच्या लहान पोरांनाही पाठ झाले होते.

बाई सांगत होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात महाराजांनी रयतेचे हाल डोळ्यांनी बघितले. १९०२ साली ते विलायतेला जाऊन आले. भोगावतीचं पाणी अडवायचं त्यांनी मनावर घेतलं आणि १९०७-०८ च्या सुमारास हे काम सुरू झालं. एका लहान संस्थानाने एवढं मोठं धरण आपल्या हिमतीवर उभारायचं, म्हणजे केवढं धाडस! पण काम रखडलं. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले तेव्हा भिंत अपुरीच होती. पुढे स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात ती पुरी झाली.

"हां," आत्ती गाडीतूनच म्हणाल्या. "तवाच."

त्या खाली उतरल्याच नव्हत्या. गाडीत धरणाकडे पाठ करून पलीकडच्या खिडकीशी बसल्या होत्या. मी आत जाऊन त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "आत्ती, गुडघा दुखतोय काय?"

त्यांनी मान हलवली. आमच्याकडे जुन्या बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"माज्या आईनं हितं पाट्या वाहिल्यात. खडीच्या. मी तान्ही हुतो. झाडाला झोळी बांधायची, मला त्यात टाकायची आन् कामाला जायाचं. माज्या आधीचा एक भाऊ हुता, दोन वर्साचा. त्यो हितंच तापानं गेला. रानातला ताप, दोन दिसांत खेळ खलास. वरच्या अंगाला झोपड्या हुत्या कामावरच्या मानसांच्या, तिथंच कुठंतरी पुरला म्हनायची. मग भित झाली, पानी भरलं. जागा गेली खाली."

मी काही बोलू शकले नाही.

"एस्टीतनं जाताना आई पदर फुडं ओढायची आन् पल्याडच्या खिडकीकडं तोंड करायची. मी ईचारायचो, काय गं? तर म्हनायची, ऊन लागतंया. पाऊस आसला तरी ऊन लागतंया म्हनायची. ती न्हाई बघायची, म्हनून मी बी कवा न्हाई बघितलं."

तेवीस वर्षं मी या बाईच्या हाताखाली नांदतेय. तिच्या हातची आमटी मला जमते, तिची दुखणी ठाऊक आहेत, सोनं किती आणि कुठे ठेवलंय तेही ठाऊक आहे. आणि हे ठाऊक नव्हतं. यजमानांना पण नव्हतं, संध्याकाळी विचारलं तेव्हा कळलं.

जरा वेळाने आत्ती म्हणाल्या, "धर हात." त्यांना खाली उतरवलं. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, कपाळावर हाताचा आडोसा धरून सगळी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. सावकाश. मग म्हणाल्या, "लई उच्च हाय की गं. एवढ्या उच्च चढायची व्हय आई?" त्यांनी पिशवीतून हळदी-कुंकवाची पुडी काढली. सहलीला देव असतोच या सवयीने आणलेली. चिमूटभर रस्त्याच्या कडेच्या एका दगडाला वाहिलं. आमच्यातल्या दोघी-तिघींनी काही न विचारता आपापल्या पुड्या काढल्या.

आता जरा वेगळं बोलते, कारण हे कोणीतरी लिहायला हवं. एवढ्या सगळ्यात आमची सर्वांत मोठी अडचण कोणती होती सांगू? बाथरूमची. सकाळपासून आम्ही चौदाही जणी पाणी प्यालो नव्हतो. प्यायचंच नाही, म्हणजे जायची वेळ येत नाही, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. एका ठिकाणी सोय होती, पण कुलूप. किल्ली कुणाकडे, तर साहेबांकडे. साहेब कुठे, तर रविवार. ते ठिकाण कोणतं ते मी लिहीत नाही, कारण तुम्ही महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी तुम्हाला ते भेटेल. शेवटी एका वस्तीवर गाडी थांबवली आणि एका घरातल्या सुनेला विचारलं. तिने आनंदाने दार उघडलं, वर सगळ्यांना गुळाचा चहा केला. निघताना आम्ही तिला खर्ड्याचा डबा दिला. पाहण्याच्या जागांना रंगीत कमानी बांधतात, फोटोसाठी मोठी मोठी अक्षरं उभी करतात. त्यातल्या एका अक्षराच्या पैशात बायकांसाठी दोन संडास होतील की नाही? तर मैत्रिणींनो, सहल आखताना आधी हे विचारून घ्या आणि पाणी मात्र प्या. आमच्यातल्या एकीचं दुपारी डोकं चढलं ते पाणी न प्याल्यामुळेच.

दाजीपूरचा रस्ता हा पुढे फोंडा घाटातून कोकणात उतरणारा देवगड-निपाणी रस्ता. तो बराच वेळ तलावाची सोबत करतो. एका वळणावर ड्रायव्हरदादाने गाडी बाजूला घेतली. समोर निळं पाणी, पलीकडे डोंगर, आणि पाण्यात टेकडी. तिच्यावर झाडीत बुडालेला बेनझीर व्हिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जवळ जाता येतं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा तलाव भरलेला, त्यामुळे लांबूनच. भिंती उभ्या आहेत, रया गेलेली आहे. पण जागा अशी, की बघतच राहावं. राजाची निवड!

मला त्या पुण्याच्या मुलीची आठवण झाली. फोटो काढला. तिचा नंबर असता तर पाठवला असता.

आत्ती पाण्याकडे बघत होत्या. "त्या बंगल्यात कोन ऱ्हायचं?"

"महाराज यायचे, आत्ती."

"आन् झोपड्या कोनच्या अंगाला हुत्या?"

ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. आत्तींनी पाण्यावर नजर फिरवली आणि मग त्यांनीच बोटाने एक जागा दाखवली. एका उताराखाली, जिथे पाणी जरा संथ होतं. "हितंच आसंल," म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. असेलही.

जेवायला तिथेच झाडाखाली बसलो. ज्वारीच्या भाकरी, झुणका, भरलं वांगं, खर्डा, दही, शेंगदाण्याची चटणी. चौदा घरचे चौदा झुणके, एकाची चव दुसऱ्याला नाही. सर्वांत जास्त आत्ती जेवल्या.

दाजीपूरच्या जंगलाचं सांगायचं, तर ते बघायला पुन्हा एकदा, मुक्कामाने जायला हवं. कोल्हापूरच्या राजघराण्याचं हे शिकारीचं राखीव रान. १९५८ साली अभयारण्य झालं, राज्यातल्या सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी एक. १९८५ मध्ये हद्द वाढली आणि ते राधानगरी अभयारण्य झालं, सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं. आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत आपलं राधानगरी आहे. आम्ही ज्याला 'तिकडचं रान' म्हणतो, ते जगाच्या यादीत आहे! पावसाळ्यात जंगलाचा आतला भाग बंद असतो, पाऊस सरला की उघडतो. प्लास्टिक आत नेऊ नये, भडक साड्या नेसू नयेत आणि मुख्य म्हणजे आवाज करू नये. हे शेवटचं चौदा बायकांना कसं जमावं? पण जमलं. अंजन, जांभूळ, ऐन, हिरडा, वर मान करून बघावी अशी झाडं. बाईंना शेकरू दिसली, आम्हाला तिची शेपटी. फुलपाखरं मात्र सगळ्यांच्या वाट्याला आली.

सगळ्यांना बघायचा होता तो गवा. 'बायसन' म्हणतात खरं, पण बायसन तो अमेरिकेतला वेगळा. आपला गवा हा गाई-बैलांच्याच गोतावळ्यातला. काळाभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, खांद्याशी माणसाएवढा उंच, आणि मोठा नर हजार किलोच्या घरात भरतो. तासभर फिरलो. शेण दिसलं, खुरांचे ठसे दिसले, गवा नाही दिसला.

आत्ती कधीच्या कुरकुरत होत्या. "गवा बघाय पैसं द्यायचं? आमच्या उसात येतोय की. तिथं काढा त्याचा फोटू, फुकट."

सगळ्या हसल्या, पण खोटं नाही ते. गेल्या वर्षी आमचा अर्धा एकर मका एका रात्रीत गेला. डिसेंबर २०२१ मध्ये तर गवे थेट कोल्हापूर शहराच्या वेशीवर आले होते. पाहुण्यांना जे जनावर दिसलं की आनंद होतो, त्याच जनावरासाठी आम्ही रात्री डबे वाजवत जागतो. दोन्ही खरं आहे. आणि त्या दिवशी तो दिसला नाही याची मला चुटपुट लागली, हेही खरं.

परतताना उगवाईला हात जोडले. एक तरी देव हवाच. राऊतवाडीचा धबधबा राहिला, उजेड कमी पडला म्हणून. तसाही डिसेंबरात त्याचा जोर उरत नाही. बायकांनी जायचं तर पावसाळ्यात, पण शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी जावं. गर्दीच्या दिवशी काही टोळकी बाटल्या घेऊन येतात आणि मग तिथे थांबवत नाही. दगडावर शेवाळ असतं, पाण्यात उतरू नये. आणि मे महिन्याच्या शेवटाला, पावसाच्या तोंडाला, या रानात काजव्यांनी झाडं पेटल्यासारखी दिसतात. ते बघायला आता लांबून माणसं येतात. आमच्या परड्यातल्या काजव्यांकडे आम्ही लाईट गेल्यावरच बघितलं.

गाडीत बसताना आत्ती म्हणाल्या, "मी हिकडच्या अंगाला बसतो." सकाळी बसल्या होत्या त्याच्या उलट्या बाजूला. धरण आलं तोवर अंधार पडला होता. वीजघराचे दिवे तेवढे दिसत होते. आत्तींनी काच खाली केली. बाहेरचा गार वारा आत आला, तरी कोणी काही म्हणालं नाही.

"सात हैत म्हनालीस न्हवं दारं?"

"सात."

"आन् आपसूक उघडत्यात?"

"आपोआप, आत्ती."

घरी पोचायला साडेआठ झाले. भांडी सकाळपासूनची तशीच होती, म्हैस उपाशी नव्हती पण रुसलेली होती. यजमानांनी विचारलं, "काय बघितलं?" आणि मग आत्तींनीच त्यांना सांगितलं. चुलीपुढे बसून, भाऊ, झोळी, पाट्या, सगळं. मी भांडी घासत ऐकत होते. यजमान नंतर बराच वेळ ओट्यावर बसून होते.

जानेवारीच्या बैठकीत हिशेब मांडला. गाडी, डिझेल, जंगलाचं तिकीट धरून माणशी दोनशे दहा रुपये पडले. पुढची सहल जुलैत ठरली आहे, दरवाजे उघडल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी निघायचं, वार कोणताही असो. मी अजून वर्गणी काढायला सुरुवात केलेली नाही. आत्तींनी मात्र पन्नास रुपये आगाऊ दिलेत आणि वहीत लिहून घ्यायला लावलेत.